बायला पत्र: तीन टिपर आणि नऊ हजार पाउंड

प्रिय बाय,

काल फोनवर तू नोकरी सोडून पोकर खेळायचं म्हणालीस, मग "पप्पा, रागावलात का" म्हणून तीनदा विचारलंस आणि मी तीनदा नाही म्हटलं, मग आईने फोन ओढून घेतला आणि तुमचं लोणच्याबिंच्याचं सुरू झालं, त्यामुळे राहिलं ते राहिलंच. रागावलो नव्हतो. गप्प झालो होतो, आणि मी गप्प होतो तेव्हा डोक्यात हिशेब चालू असतो हे तुला लहानपणापासून माहीत आहे. रात्री झोप लागेना म्हणून तू शेअर केलेली ती गूगल शीट उघडून बसलो ते साडेतीनपर्यंत, आई दोनदा येऊन ओरडून गेली. हे व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्याने लिहिण्यासारखं नाही म्हणून एकदाच लांबलचक लिहितोय. ट्रेनमध्ये वाच, ऑफिसात नको.

आधीच सांगून टाकतो म्हणजे तू मोकळ्या मनाने वाचशील. पोकर म्हणजे जुगार, घराण्याचं नाव, लोक काय म्हणतील, असलं काही यात नाहीये. ते बोलायचं माझं तोंडही नाही, तरुणपणी शिरगावच्या जत्रेत गडगड्याच्या जुगारावर बसून चपलांचे पैसे घालवून अनवाणी घरी आलेला माणूस आहे मी. आणि गडगडा आणि तुझं पोकर यात फरक आहे हे मला कळतं. गडगड्यावर किंवा त्या रुलेटवर तू बसवणाऱ्याच्या विरुद्ध खेळतेस, रुलेटच्या चाकावर ३७ घरं आणि पैसे ३६ च्या हिशेबाने, म्हणजे शंभरातले २ रुपये ७० पैसे त्याचे आधीच ठरलेले, तू कितीही हुशार अस. पोकरात समोर माणसं असतात, टेबलवाला फक्त रेक, म्हणजे आपलं कमिशन, कापतो, आणि समोरची माणसं तुझ्यापेक्षा कच्ची असली तर रेक देऊन वर तुला उरतं. मान्य.

आणि तू पक्की आहेस हे मी स्वतः बघितलंय. आठवते ती चवथ? गणपतीच्या माटोळीखाली बसून तू सगळ्यांना टेक्सस होल्डेम शिकवलंस, चिंचोक्यांच्या चिप्स केल्या होत्या. काका आपला तीनपत्तीच्या सवयीने पान न बघताच ऑल-इन, अकरा वाजेपर्यंत त्याचे चिंचोके संपले आणि मग पोरांकडून उसने घ्यायला लागला. तू मात्र तासभर नुसती पत्ते टाकत होतीस. टाक, टाक, टाक. मी आईला म्हटलं, ही पोरगी खेळते कधी? आणि मग एकदाच हात लावलास आणि अर्धं ताट तुझ्याकडे. तेव्हा मला तुझं कौतुक वाटलं होतं ते जिंकण्याचं नाही, तासभर पत्ते टाकण्याचं, कारण ते मला आयुष्यात कधी जमलं नाही, आणि पुढे जे लिहितोय ते त्याचंच आहे. (त्या रात्री तू "बाय-इन, बाय-इन" म्हणत होतीस, टेबलावर घेऊन बसायचे पैसे ते, आणि मला वाटत होतं तू स्वतःचंच नाव घेतेस.)

तर तुझा प्लॅन मला समजला तो असा. दीड वर्ष नोकरी सांभाळून रात्री अर्धा-एक पाउंडच्या टेबलांवर खेळलीस, साठ हजार हात झाले, शंभर हातांमागे ४ बिग ब्लाइंड कमाई (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम, त्या टेबलावर एक पाउंड), रेक जाऊन. तू घातलेले १,६०० आणि जिंकलेले २,४०० मिळून ४,००० तिथे, बचत खात्यात ५,०००, एकूण ९,००० पाउंड. आता नोकरी सोडायची आणि एक-दोनच्या टेबलांवर जायचं, तिथे बाय-इन २०० पाउंड, म्हणजे तुझ्याकडे ४५ बाय-इन. "लोक वीस बाय-इनवर उडी मारतात पप्पा, माझ्याकडे पंचेचाळीस आहेत." वरच्या टेबलावर लोक जास्त तयारीचे म्हणून ४ च्या जागी ३ धरलेस हे बघून मला खरंच बरं वाटलं, मी तुझ्या वयात असतो तर ५ धरले असते. महिन्याला २५,००० हात, शंभराला ३ बिग ब्लाइंड, ब्लाइंड दोन पाउंडची, म्हणजे महिना १,५०० पाउंड. खर्च १,४००. वर शंभर शिल्लक. आणि बुडण्याची शक्यता त्या फॉर्म्युल्याने साडेतीन टक्के.

गणित बरोबर आहे, मी दोनदा तपासलं. कमाईचा दर, पैसा किती आणि चढउतार किती, तीन आकडे. चढउताराला तू ९० बिग ब्लाइंड धरलेस शंभर हातांना, तेही ठीकच. बीएस्सीला मॅथ्स होतं माझं, ट्रकवर बसलो म्हणून ई ची घात विसरलो नाही अजून.

पण बाय, तुझ्या शीटमध्ये तू जेवत नाहीस.

म्हणजे बघ, १,४०० पाउंड खर्च तू खाली वेगळ्या ओळीत लिहिलास आणि बुडण्याचा आकडा वर, खर्च वजा न करता काढलास. दर महिन्याला भाडं, बस, किराणा, फोन हे त्याच ९,००० मधून जाणार ना? मग मी तुझ्या शीटमध्ये एक कॉलम घातलाय, रागावू नकोस, नाव दिलंय शीतकढी, म्हणजे घरखर्च. १,४०० पाउंड म्हणजे ७०० बिग ब्लाइंड, २५,००० हातांवर वाटले की शंभर हातांमागे २.८. तुझी कमाई ३. तीनातून २.८ गेले, उरले ०.२. टेबल तेच, तू तीच, पत्ते तेच, पण बँकरोलच्या, म्हणजे खेळायच्या भांडवलाच्या नजरेतून तू आता शंभर हातांना ०.२ जिंकणारी खेळाडू आहेस. आता तोच तुझा फॉर्म्युला लाव. साडेतीन टक्क्यांचे होतात ऐंशी. शंभरात ऐंशी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं मी टायपिंगमध्ये चुकलो. तुझी कमाई वरच्या टेबलावरही ४ च राहिली असं धरलं तरी २६ येतात, आणि ती २ निघाली तर फॉर्म्युला लावायचीच गरज नाही कारण दर महिन्याला तू सरासरीनेच खाली जातेस, नशीब लागतं ते फक्त कधी ते ठरवायला.

तू म्हणशील पप्पा तो आकडा "कधी ना कधी" चा आहे, अनंत काळाचा, मी काय शून्य होईपर्यंत बसणार आहे का, मधेच नोकरी शोधेन. बरोबर आहे, शोधशील. पण मधेच म्हणजे किती वाजता ते आत्ता ठरवून ठेव कारण तेव्हा नाही ठरत. आणि दुसरं एक गणित केलं ते जास्त टोचलं मला. एका महिन्याचा चढउतार २,८०० पाउंडच्या वर आहे आणि कमाई १,५००. म्हणजे सगळं व्यवस्थित खेळूनही दहातले तीन महिने तू चक्क तोट्यात असणार, आणि जवळजवळ अर्ध्या महिन्यांत भाड्याइतकेही सुटणार नाहीत. चुकलीस म्हणून असं नव्हे, तो खेळच तसा आहे. दोन इक्के घेऊन दोन राजांवर पैसे लावलेस तरी शंभरात अठरा वेळा राजे जिंकतात, हे तूच शिकवलंस ना चवथीला.

आणि तो ४ चा आकडा. साठ हजार हात मला खूप वाटले होते. पण तुझ्याच ९० ने भागून बघ, साठ हजारांवर खरा दर ४ च्या आगेमागे ७ कुठेही असू शकतो, म्हणजे तू ११ ची असशील किंवा उणे ३ ची. ते आगेमागे ७ चं आगेमागे २ वर आणायला आठ लाख दहा हजार हात लागतात, महिन्याला पंचवीस हजारने अडीच वर्षांच्या वर. तू जिंकणारी नाहीस असं मी म्हणत नाही, बहुतेक आहेस. पण "बहुतेक" वर नोकरी सोडताना "बहुतेक" ची किंमत धरावी लागते.

आता ट्रकचं सांगतो. तुला वाटेल हे सारखं तेच घेऊन बसतात. पण सगळं कधी सांगितलेलं नाही.

पहिला टिपर मी सेकंड हँड घेतला होता, रोख. खाणीवरून खनिजाचं मटेरियल भरायचं आणि सारमानसच्या जेटीवर ओतायचं, तिथून बार्ज मांडवीतून खाली मुरगावला. ट्रिपा बऱ्या होत्या, घर चालत होतं, एवढंच. मग चीनने खरेदी वाढवली, बीजिंग ऑलिम्पिकच्या आधीची वर्षं ती, जे हलकं मटेरियल आधी ढिगात टाकून द्यायचे तेही विकायला लागलं आणि आमच्या डिचोलीत ज्याच्याकडे सायकल नव्हती त्याच्याकडे ट्रक आला. मी २००७ ला दुसरा घेतला कर्जावर, आणि २००८ ला तिसरा. माझाही हिशेब तुझ्यासारखाच चोख होता बघ, डायरी अजून कपाटात आहे. एका ट्रकचे दिवसाचे इतके, डिझेल इतकं, ड्रायव्हर इतका, हप्ता इतका, उरतात इतके. आणि घरखर्च खाली वेगळ्या ओळीत. तुझी शीट बघितली तेव्हा मला ती डायरीच दिसली, म्हणून फोनवर गप्प झालो.

२००८ च्या शेवटी जगभर मंदी आली, भाव पडले, ट्रिपा कमी झाल्या, दोनतीन महिने फार ओढाताण झाली. मग पुन्हा सगळं वर आलं. आणि त्यातून मी काय शिकलो माहितेय? की थांबलं की परत येतं. तुमच्या भाषेत डाउनस्विंग सोसला, आता काय भीती. उलट छाती फुगली माझी. एकदा वाचलेला माणूस स्वतःला पोहणारा समजतो.

२०१२ ला ७ सप्टेंबरला बेकायदा खाणकामावरच्या शाह आयोगाचा रिपोर्ट संसदेत आला, १० तारखेला गोवा सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरच्या ५ तारखेला सुप्रीम कोर्टाने. चवथ १९ ला होती त्या वर्षी. तुला आठवत असेल आरतीला सगळे जमलेले आणि कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं. पंधरा दिवसांत चालू होईल असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो. कोर्टाने बंदी उठवली ती २०१४ च्या एप्रिलमध्ये, तीही वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून, आणि पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीज रद्दच केल्या. पण तोपर्यंत माझ्याकडे ट्रक राहिलेच कुठे होते. दोन हप्ते चुकले की फोन, चार चुकले की माणूस दारात. विकायला काढले तर काय, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, सगळीकडे सगळेच विकायला काढून बसलेले, नऊ लाखांच्या ट्रकला तीन सांगायचे आणि तेही उपकार केल्यासारखे. हे लक्षात ठेव, कारण तुझ्या फॉर्म्युल्यात हे कुठेच नाही. तीन ट्रक म्हणजे तीन वेगळे पैसे असं मला वाटत होतं. ते एकच होते. एका टेबलावर तीन ढिगाऱ्यांत मांडले होते इतकंच.

तुझंही बघ, ४,००० आणि ५,००० आज दोन वेगळ्या खात्यांत आहेत, एक पत्त्यांचे आणि एक अडीअडचणीचे. तू नोकरी सोडलीस की पगार थांबतो, आणि त्याच दिवशी ते ५,००० पण पत्त्यांचे होतात. वाईट महिना आला की भाडंही तिथूनच, बाय-इनही तिथूनच. पंचेचाळीस बाय-इन म्हणतेस, पण सहा महिन्यांची शीतकढीच ८,४०० होते. ती बाजूला काढ आणि बघ काय राहतं. ६०० पाउंड. तीन बाय-इन, बाय.

टेबलच बंद होण्याचं पण एक आहे. तुझा पुण्याचा आतेभाऊ, चार वर्षं ऑनलाइन पोकरवर होता, गाडी घेतली, आत्येला फ्रिज घेतला, आम्ही सगळे कौतुक करत होतो. इथे तर २०२३ च्या एप्रिलपासून निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के कापून घ्यायचे, तरी टिकून होता पोरगा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, २१ ला संसदेत पास आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. लगेच टेबलं बंद. मला फोन करून म्हणतो, मामा, तुमचं खाणीचं झालं तसं झालं हो. तुझ्या तिकडे कायदेशीर आहे, जिंकलेल्यावर टॅक्सही नाही, ते मी बघितलंय. पण कायदेशीर असलेलं बंद होताना मी दोनदा बघितलंय आणि दोन्ही वेळा जे पोटापुरतं तिथून घेत होते तेच पडले, हौसेने खेळणारे दुसऱ्या दिवशी जेवले आणि झोपले. अमेरिकेत २०११ ला १५ एप्रिलला सरकारने मोठ्या पोकर साइट्सवर टाच आणली तेव्हा त्यातल्या फुल टिल्टवर ज्यांचे पैसे होते त्यांना ते मिळायला कितीतरी वर्षं गेली. म्हणून सगळं बँकरोल एका साइटवर ठेवू नकोस, खेळायला लागतं तेवढंच तिथे, बाकी बँकेत. हे मात्र आजच कर, नोकरी सोड की न सोड.

(आणि गंमत म्हणजे मांडवीत जिथून आमच्या बार्ज जायच्या तिथेच आता ती कॅसिनोची जहाजं उभी आहेत दिवे लावून, आणि २०२० च्या १ फेब्रुवारीपासून आपल्या गोंयकारांना आत सोडत नाहीत. सरकारने एवढी एकच जागा बंद केली जी बंद केल्याने माझे पैसे वाचले.)

तू पाठवलेलं ते नाण्याचं पण वाचलं. जॉन केली, बेल लॅब्जचा, १९५६ चा. साठ टक्के छाप पडणारं नाणं असेल तर दर वेळी जवळच्या पैशांच्या २० टक्के लावायचे, त्याने पैसा सगळ्यात वेगाने वाढतो, आणि त्याच्या दुप्पट लावायला लागलीस तर फायद्याचं नाणं असूनही वाढ थांबते, त्याही वर गेलीस तर खालीच. मला त्यातलं आवडलं ते अर्ध्या केलीचं, अर्धंच लावलं तरी वाढीतला तीन चतुर्थांश भाग मिळतो आणि हेलकावे निम्मे. म्हणजे पाव भाग कमाई सोडून निम्मी झोप विकत मिळते. मला २००८ ला कोणी हे सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं. आणि तो २०१६ चा प्रयोग, हाघानी आणि ड्युईचा, ६१ लोकांना २५-२५ डॉलर देऊन तेच साठ टक्केवालं नाणं दिलं, अर्धा तास, आणि त्यातले २८ टक्के लोक सगळं घालवून बसले! शिकलेली माणसं, फायद्याचं नाणं हातात, छापच जास्त पडणार हे आधीच सांगितलेलं. मी ते वाचून एकटाच हसलो. २८ टक्के म्हणजे आमच्या ट्रक असोसिएशनपेक्षा बरे निघाले.

तो स्टू अंगर तर मला तुझ्या लेखातून कळला. १९८०, ८१ आणि मग १९९७, तीनदा पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट जिंकला, तिसऱ्या वेळी पहिलं बक्षीस दहा लाख डॉलर, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लास वेगासच्या एका मोटेलात मेलेला सापडला, ४५ वर्षांचा, जवळ आठशेएक डॉलर. ड्रग्ज होते, ते सोड. पण पत्त्यांत त्याला हरवणारा नव्हता आणि ते पैसे घोड्यांवर आणि मॅचेसवर जात होते. खेळ येणं आणि पैसा सांभाळणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, पहिली तुला आहे म्हणून दुसरीत पास झालीस असं होत नाही. दुसरी यायला वर्षानुवर्षं काही न करण्याचा सराव लागतो, ती तुझी पत्ते टाकण्याची विद्या, ती टेबलाबाहेर वापर.

त्या पोकरवाल्या क्रिस फर्ग्युसनचा नियम चांगला आहे, शून्यापासून दहा हजार डॉलर केले त्याने त्यावर. कॅश गेमला बँकरोलच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त घेऊन बसायचं नाही, मोठ्या टूर्नामेंटला दोन, आणि टेबलावर दहा टक्क्यांवर गेलं की उठायचं. म्हणजे पैसे कमी झाले की आपोआप खालच्या टेबलावर. पोकरची ही सोय ट्रकला नव्हती. मी सकाळी उठून "आज अर्धाच ट्रक चालवतो" असं नाही करू शकत, हप्ता पूर्ण ट्रकचाच लागतो. तू करू शकतेस. काल एक-दोन, आज अर्धा-एक, कोणी विचारायला येत नाही. फक्त लाज वाटते, आणि ती लाज किती महाग असते ते माझ्याकडून ऐक. २०११ ला मला एक ट्रक विकायचा सल्ला आईने दिला होता, तेव्हा भाव चांगला होता, आणि मी काय म्हटलं? "तीन ट्रकवाला म्हणून ओळखतात मला." ओळखणारे आता भेटतात तिंट्यावर, चहा पितात माझ्या पैशाने.

टिल्ट म्हणतेस ना तू, हरल्याच्या रागात वेडंवाकडं खेळणं, ते मला समजावायची गरजच नाही. जेटीवर लाइनीत तीन तास गेले की आमचे ड्रायव्हर ती ट्रिप भरून काढायला येताना ट्रक असा हाणायचे की रस्त्यावरची माणसं जीव मुठीत धरायची. गेलेली ट्रिप भरून येत नाही. त्याबद्दल एवढंच.

आता जे सांगायचं आहे ते.

तिसऱ्या ट्रकचं डाउन पेमेंट कुठून आलं हे तू कधी विचारलं नाहीस, लहान होतीस. आजीने जाण्याआधी तुझ्या नावाने दीड लाखाची एफडी केली होती, कॉलेजसाठी. गार्डियन म्हणून सही माझी चालायची. २००८ ला मी ती मोडली. आईला सांगितलं वर्षात परत भरतो. भरली असती पण, खरंच, दोन वर्षं पैसे होते हातात, पण तेव्हा वाटायचं एवढे पैसे ट्रकमध्ये जास्त वाढतायत, एफडीत टाकून काय कुजवायचे. मग ते राहिलं, आणि मग २०१२. तू इंजिनिअरिंगला एज्युकेशन लोन घेतलंस, मैत्रिणी घेतात तसंच समजून घेतलंस, नोकरी लागल्यावर चार वर्षं हप्ते भरलेस, आणि एकदा मला म्हणालीस, पप्पा, बरं झालं लोन होतं, जबाबदारी कळली. मी मान हलवली. त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. आज सांगतोय तेही तुझ्या शीटमुळे, नाहीतर अजून किती वर्षं काढली असती देव जाणे. आईला मी २०१३ ला सांगितलं, ती आठ दिवस बोलली नाही, तू महिनाभर बोलू नकोस हवं तर, पण पत्र पूर्ण वाच.

घरखर्च खालच्या वेगळ्या ओळीत आणि तुझी एफडी वरच्या ओळीत, असा माझा हिशेब होता. जोखीम मी घेतली आणि पैसे तुझे होते, तुला न विचारता. त्यामुळे तुझी जोखीम तू घे, तुझे पैसे आहेत, मला विचारायचीही गरज नाही, पण कुठला पैसा कुठल्या ओळीत आहे ते नीट बघून घे एवढंच माझं मागणं.

तर आता असं. एलआयसीची पॉलिसी मॅच्युअर झाली आहे गेल्या महिन्यात. दीड लाखाला मी ८ टक्के लावून १८ वर्षं धरली, जवळजवळ चौपट, सहा लाख होतात. ते तुझे आहेत, माझे उपकार नाहीत, आजीचे आहेत. आजच्या भावाने ५,००० पाउंडच्या आसपास, म्हणजे तुझी साडेतीन महिन्यांची शीतकढी. ते तुझ्या इथल्या खात्यात टाकतो, तिकडे कधी घ्यायचे तू ठरव. ते बँकरोलमध्ये धरायचे नाहीत ही एकच अट, आणि अट घालायचा अधिकार मला नाही हेही मला ठाऊक आहे, तरी घालतो.

आणि माझ्या मते, मतच आहे, नोकरी अजून एक वर्ष ठेव. एक-दोनच्या टेबलावर आत्ताच बसायचं तर तुझ्या त्या ४,००० मधून बस, वीस बाय-इन होतात, पगार चालू असताना वीस पुरे आहेत कारण त्यातून जेवायचं नाहीये. १५ वर आलीस की खाली उतर, न विचारता. वर्षाने हात एकूण लाखभर होतील, दर काय तो जरा तरी दिसेल, आणि तोपर्यंत शीतकढीचे वेगळे दहा हजार जमले तर मी स्वतः म्हणेन सोड नोकरी. कंपनीत बिनपगारी सहा महिने सुट्टी मिळते का तेही विचारून बघ, तुमच्याकडे देतात म्हणे. तसं मिळालं तर मग माझं काही म्हणणंच नाही, परत यायला दार उघडं ठेवून गेलेला माणूस वेगळाच खेळतो.

शीटमधला माझा कॉलम नको असेल तर लपव, डिलीट करू नकोस, पुढे फॉर्म्युले तुटतील.

चवथ यंदा १४ सप्टेंबरला आहे, तिकीट आत्ताच बघ, नंतर महाग होतात. काका आत्तापासून चिंचोके जमवतोय, यावेळी ब्लाइंड खेळणार नाही म्हणतो, बघू. आई सोलं आणि मिरसांगा पार्सल करतेय. आणि तुझं इथलं खातं चालू आहे का ते आधी बघ, केवायसी अपडेट करा म्हणून बँकेची दोन पत्रं येऊन पडलीत, ते झाल्याशिवाय मी पैसे टाकत नाही.

तुझा,
पप्पा